कॅशलेस देशात पाहुण्याने पैसे द्यायचे कसे? (चीनला जायचंय, सोबत आई-बाबा)

नभा_मुक्काम

नमस्कार मंडळी,

शांघाय, हांगचौ, शीआन आणि शेवटी बीजिंग असा बेत ठरतोय. सोबत आई-बाबा आहेत. आईचा फोन बोलण्यापुरता. बाबांकडे स्मार्टफोन आहे, पण पैशांचं काही त्यावर करायचं नाही हे त्यांचं पक्कं ठरलेलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे : खिशात नोटा असल्या की माणूस कुठेही उपाशी राहत नाही.

मी जे वाचतेय ते नेमकं उलट. चीनमध्ये भाजीवालासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो, नोट दिली तर सुटे नसतात, आणि परदेशी कार्ड मोठ्या हॉटेलाबाहेर फारसं कुणी घेत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. परदेशी माणसाला तिथली ॲप नीट चालतात का? रोख किती जवळ ठेवावी? आणि माझी खरी काळजी म्हणजे आई-बाबा माझ्याशिवाय दोन तास फिरले तर त्यांना पाण्याची बाटली तरी विकत घेता येईल का? दर वेळी लेकीचा फोन लागला तर त्या दोघांची सहलीची मजाच जाईल.

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टिवल्याबावल्या

बाबांना आत्ताच सांगून ठेवा, चीनमध्ये लेकीचा फोन हेच घरचं पाकीट. चार्जिंगला लावलं की पाकीट भरलं. :)

जाणकार येतीलच. वाचतोय.

शांघायकर_एकेकाळी

नभाताई, आम्ही दोघं नोकरीनिमित्त शांघायला राहिलो आहोत आणि परत आल्यावर पाहुणे म्हणूनही जाऊन आलो आहोत. त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो.

तिथे दोन ॲप आहेत : अलीपे आणि वीचॅट. दुकानात गल्ल्यापाशी निळा आणि हिरवा असे दोन कोड लावलेले दिसतात. निळा अलीपेचा, हिरवा वीचॅटचा. पूर्वी परदेशी माणसाची खरंच पंचाईत होती, कारण दोन्हींना चिनी बँकेतलं खातं लागायचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये अलीपेने पाहुण्यांसाठी प्रीपेड सोय काढली, पण ती कुबडीच होती. खरा फरक पडला २०२३ च्या जुलैत. तेव्हापासून व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे परदेशी कार्डं दोन्ही ॲपना थेट जोडता येतात. पुढे मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने मर्यादाही वाढवल्या : एका व्यवहाराला १,००० डॉलरच्या जागी ५,००० आणि वर्षाला १०,००० च्या जागी ५०,०००. सहलीला एवढं कशाला लागतंय, पण हॉटेलचं बिल अडत नाही.

पैसे देण्याच्या दोन तऱ्हा. एकतर तुम्ही फोनवर तुमचा कोड दाखवायचा आणि दुकानदार यंत्राने टिपतो. नाहीतर त्याचा कोड तुम्ही टिपायचा, रक्कम टाकायची, पुढे पाठवायची. मोठ्या दुकानात पहिली तऱ्हा, टपरीवर दुसरी. गल्ल्यावरची बाई 'वो साओ नी?' म्हणाली की ती तुमचा कोड टिपणार, 'नी साओ वो' म्हणाली की तुम्ही तिचा टिपायचा. एवढं कळलं की अर्धी लढाई जिंकली.

वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे हे धरून चला. अलीपेवरच भर द्या. संपूर्ण सहल त्यावर निभते.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादात एक भर. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहाराला परदेशी कार्डावर जादा आकार नाही. त्यापुढे गेलात की पूर्ण रकमेवर ३ टक्के. म्हणजे ३८० युआनचं जेवण झालं तर ११ युआन ४० वर जातात. १९० आणि १९० असे दोनदा घ्या म्हटलं तर बहुतेक हॉटेलवाले खळखळ न करता घेतात, कारण त्यांचं काही जात नाही. हॉटेलच्या खोलीच्या बिलासाठी मात्र थेट क्रेडिट कार्ड विचारून बघा. मोठ्या हॉटेलांत परदेशी कार्डाचं यंत्र असतं.

दुसरं, तुमची बँक चलनबदलाचा आकार लावते तो वेगळा. कार्डाच्या यंत्राने 'तुमच्या चलनात की युआनमध्ये?' असं विचारलं तर नेहमी युआन. तुमच्या चलनात दाखवलेला दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि ती स्वतःचा फायदा बघूनच ठरवते.

अक्षता_आहे

निघायच्या आधी घरीच करायच्या गोष्टी लिहिते. या सगळ्या घरी सोप्या आणि तिथे पोचल्यावर डोकेदुखी.

ॲप घरीच उतरवून घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवून घ्या. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच्या तसं. कार्ड घरीच जोडा. का, तर कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी येतो तो तुमच्या घरच्या नंबरवर. विमानतळावर उतरून नवं सिम घातलं आणि जुनं काढून पर्समध्ये ठेवलं की ओटीपी जाणार पर्सला. कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत ना तेही बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बघा. आणि एक नको, दोन कार्डं जोडा, शक्यतो दोन वेगळ्या बँकांची. माझ्या बँकेने तिथे गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी 'संशयास्पद' म्हणून कार्ड गोठवलं. दुसरं जोडलेलं होतं म्हणून जेवणाचे पैसे देता आले.

नभा_मुक्काम

@अक्षता, हे फार कामाचं. घरचं सिम चालूच ठेवीन.

@शांघायकर, टपरीवरसुद्धा परदेशी कार्ड जोडलेलं ॲप चालतं का? शीआनला रस्त्यावरचं खाणं हा आमच्या बेताचा मोठा भाग आहे.

शांघायकर_एकेकाळी

बहुतेक ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. का ते समजून घेतलंत तर जागेवर गोंधळ होणार नाही.

कोड दोन जातीचे असतात. एक दुकानाचा, धंद्याच्या नावाने नोंदवलेला. दुसरा माणसाचा खाजगी, म्हणजे मित्राला पैसे पाठवतो तसा. परदेशी कार्ड दुकानाच्या कोडवर चालतं. खाजगी कोडवर बहुधा अडतं, कारण माणसाने माणसाला पैसे पाठवण्याची सोय परदेशी कार्डाला दिलेली नाही. गाडीवर फळं विकणाऱ्या आजी, देवळाबाहेर उदबत्त्या विकणारा माणूस, गावाकडचा रिक्षावाला, यांच्याकडे अनेकदा खाजगी कोडच असतो. तुमचा फोन काहीतरी लाल अक्षरांत सांगतो, मागे रांग वाढते, आजी गोंधळतात. त्यांचीही चूक नसते, तुमचीही नसते. अशा वेळी दहाची नोट काढून पुढे करायची.

शीआनच्या मुस्लिम वस्तीतल्या गल्लीत बहुतेक ठेल्यांवर दुकानाचे कोड आहेत. तिथला एक प्रकार मला फार आवडतो. ठेलेवाल्याचे दोन्ही हात कणकेत असतात, तो फोनकडे बघतसुद्धा नाही. कोडशेजारी एक चपटा भोंगा ठेवलेला असतो. तुम्ही पैसे पाठवले की भोंगा मोठ्याने सांगतो, 'अलीपेवर अमुक युआन जमा'. ठेलेवाला मान हलवतो आणि पाव तुमच्या हातात. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही अशा म्हाताऱ्या विक्रेत्यांना त्या भोंग्याचा केवढा आधार असतो!

जुना_पाटा

मी जरा वेगळं बोलतो. नभाताईंचे बाबा चुकीचं बोलत नाहीत. चीनमध्ये रोख नाकारणं बेकायदा आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०२० मध्ये त्यावर स्पष्ट आदेश काढला आणि नाकारणाऱ्यांना दंडही होतो, दंड झालेल्यांची नावं जाहीर होतात. त्याआधी महिनाभरच हूपै प्रांतात एक वृद्ध बाई आरोग्यविम्याचे पैसे रोख भरायला पावसात गेली आणि तिला 'रोख घेत नाही' म्हणून परत पाठवलं, त्याची चित्रफीत देशभर फिरली होती. लोक चिडले. सरकारने त्याच महिन्यात म्हाताऱ्यांना स्मार्टफोनमुळे येणाऱ्या अडचणींवर योजना आणली.

तेव्हा बाबांनी खुशाल नोटा न्याव्यात. पाहुण्याने यजमानाच्या रीतीने वागावं हे मान्य, पण देशाचं अधिकृत चलन खिशात असताना माणसाला तहानलेलं ठेवणं कुठल्याच रीतीत बसत नाही.

अक्षता_आहे

@जुना_पाटा काका, कायदा आहे हे खरं, पण शीतपेयाच्या यंत्राला तो वाचता येत नाही. आम्ही हांगचौला पश्चिम सरोवराच्या काठाने चाललो होतो. ऊन मी म्हणत होतं. समोर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेलं यंत्र, माझ्या मावशीच्या हातात वीसची नोट, आणि यंत्राला नोट घालायला फटच नाही. नुसता कोड. कायदा असूनही तिथे नोटेचा कागदच होतो. मावशीने नोट पर्समध्ये ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, ते बघणं मला आवडलं नाही. नभाने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ना, तेच.

जुना_पाटा

म्हणूनच तर मी तावातावाने लिहितोय. यंत्र बसवणाऱ्याने फट न ठेवण्याचा निर्णय घेतला, तो यंत्राने नाही घेतला.

उत्तरध्रुव

स्टॉकहोमहून लिहितोय. इथे चित्र अगदी उलटं आहे, म्हणून धाग्यात घुसतो.

स्वीडनमध्ये दुकानाला रोख नाकारायची मुभा आहे. दारावर पाटी लावली की झालं. कॅफे, संग्रहालयं, कितीतरी ठिकाणी नोट काढली तर विकणारी मुलगी कसनुसं हसते आणि यंत्र पुढे करते. तरीही इथे येणाऱ्या पाहुण्याला बहुधा काहीच त्रास होत नाही. कारण इथला कॅशलेसपणा कार्डावर उभा आहे. तुमचं साधं व्हिसा कार्ड मेट्रोच्या फाटकाला टेकवा, फाटक उघडतं. ॲप नको, स्थानिक नंबर नको.

अडतं कुठे? 'स्विश' नावाची सोय २०१२ पासून आहे, फोनवरून फोनवर पैसे. तिला स्वीडिश बँकेतलं खातं आणि स्वीडिश ओळख क्रमांक लागतो. रविवारच्या जुन्या बाजारात, शाळेच्या जत्रेत, शेताच्या बांधावर ठेवलेल्या बटाट्यांच्या पेटीवर फक्त स्विशचा नंबर लिहिलेला असतो. तिथे पाहुणा हात हलवत परत.

माझं म्हणणं एवढंच की, 'कॅशलेस देश' असा एकच प्रकार नसतो. पैसा कुठल्या रुळावरून धावतो ते बघा. जगभरच्या कार्डांच्या रुळावरून धावत असेल तर तुमचं कार्ड तिथे चालणारच. देशाने स्वतःचे वेगळे रूळ टाकले असतील आणि त्यावर चढायला तिथलं खातं, तिथला नंबर, तिथलं ओळखपत्र लागत असेल, तर कितीही श्रीमंत पाहुणा फलाटावरच राहतो. तिकीट काढायच्या आधी प्रत्येक देशाबद्दल हा एक प्रश्न विचारून घ्यावा.

हिशेबनीस

@उत्तरध्रुव, प्रतिसाद आवडला. ब्राझीलचं 'पिक्स' त्याच जातीचं. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेने सुरू केलं, बघता बघता देशभर पसरलं, पण त्याला तिथलं खातं आणि करदात्याचा क्रमांक लागतो. नशिबाने तिथे कार्डंही भरपूर चालतात.

आणि युरोपातही कार्ड म्हणजे कुठलंही कार्ड असं नाही. नेदरलँड्समध्ये बरीच वर्षं अनेक किराणा दुकानांत क्रेडिट कार्ड चालायचंच नाही, फक्त तिथलं डेबिट. यंत्र आहे, कार्ड आहे, आणि तरी दूध घेता येत नाही. आता पुष्कळ सुधारलंय.

मोम्बासा_रोड

केनियाचं उदाहरण राहिलं. इथे एम-पेसा ही फोनवरून पैसे द्यायची सोय मार्च २००७ पासून आहे, म्हणजे बहुतेकांच्या हातात साधे बटणांचे फोन होते तेव्हापासून. अजूनही साध्या फोनवर चालतं, स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पाहुण्याला काय करावं लागतं? पासपोर्ट दाखवून सिम घ्यायचं, त्याच काउंटरवर एम-पेसा सुरू करून घ्यायचं, रोख देऊन खात्यात भरायची. मग दुकानदाराचा नंबर टाकून पैसे द्यायचे. परत जाताना उरलेले पैसे एजंटाकडून रोख काढून घ्यायचे.

उत्तरध्रुव म्हणतात ते वेगळे रूळ इथेही आहेत, पण चढायचं दार रस्त्यावर उघडं ठेवलंय आणि दाराशी रोख घेणारा माणूस बसलाय. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्या त्यांच्या बटणांच्या फोनवरून बाजारात एकट्या आंबे घेऊन यायच्या. म्हणून मला पटत नाही की कॅशलेस म्हटलं की म्हातारी माणसं बाहेर राहणारच. दार कसं ठेवता त्यावर आहे.

जुना_पाटा

@मोम्बासा_रोड, हे माहीत नव्हतं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

टिवल्याबावल्या

आंब्यांचा विषय निघालाच आहे तर केनियाच्या आंब्यांवर वेगळा धागा येऊ द्या. तोवर इथे पाकीट सांभाळा.

भटकी_मैना

सगळे व्यवहाराबद्दल लिहिताय, मी फोनबद्दल लिहिते. चीनमध्ये फोन बंद पडला की माणूस खरंच अडकतो. पैसे त्यात, नकाशा त्यात, भाषांतर त्यात, टॅक्सी त्यात. संध्याकाळी बीजिंगला माझी बॅटरी लाल झाली आणि पोटात गोळा आला.

तिथे जागोजागी पॉवर बँक भाड्याने मिळतात. हॉटेलात, दुकानात, मॉलमध्ये खणाखणांची पेटी असते. कोड टिपायचा, एक खण उघडतो, पॉवर बँक घ्यायची, दुसऱ्या कुठल्याही पेटीत परत टाकायची. सोय झकास. पण कोड टिपायला फोन जिवंत हवा. त्यामुळे वीस टक्क्यांवर आला की घ्या, दोन टक्क्यांची वाट बघू नका. त्याहून बरं म्हणजे स्वतःची पॉवर बँक न्या.

हॉटेलचं चिनी अक्षरांतलं कार्ड खिशात कागदावर असू द्या. तिघांच्याही खिशात. कागदाला चार्जिंग लागत नाही.

कट्टर_कार्डवाला

इतकं घाबरण्यासारखं काहीही नाही. चीन आज पाहुण्यासाठी जगातला सगळ्यात सोपा देश आहे असं माझं ठाम मत. एकदा अलीपे लागलं की मेट्रो, टॅक्सी, जेवण, संग्रहालय सगळं एकाच ठिकाणी. टॅक्सी बोलवायचं 'दीदी' ॲप अलीपेच्या आतच आहे, चालकाशी भाषेचा प्रश्न नाही, भाड्याची घासाघीस नाही, सुट्यांची कटकट नाही. बीजिंगच्या मेट्रोत तर २०२४ पासून परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड थेट फाटकाला टेकवता येतं. रोख बाळगणं म्हणजे चोरीची भीती बाळगणं. जमाना बदलला, आपणही बदलावं.

जुना_पाटा

ज्याचा फोन चालतो त्याला सोपा. प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या आईचा फोन बोलण्यापुरता आहे. आपलं उत्तर त्यांना कुठे लागू पडतं?

कट्टर_कार्डवाला

लेक सोबत आहे ना?

अक्षता_आहे

लेक सोबत आहे म्हणून आईने स्वतः काही विकत घेऊ नये? धाग्याची पहिली पोस्ट परत वाचा, प्लीज.

उत्तरध्रुव

अवांतर : रोख नकोच म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज गेली, जवळजवळ दोन्ही देशांची. कार्डाची यंत्रं ठप्प झाली, एटीएम बंद. ज्यांच्या खिशात नोटा होत्या त्यांनी पाणी आणि पाव घेतला. परक्या गावात अडकलेल्या प्रवाशाची अशा वेळी काय गत होत असेल! आणि ज्या स्वीडनने रोख जवळपास हद्दपार केली तिथलं सरकारच आता लोकांना सांगतंय की संकटकाळासाठी घरात थोडी रोख ठेवा. घरोघरी वाटलेल्या सरकारी पुस्तिकेत तसं छापलंय. शेजारच्या नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने आणखी पक्का केला.

कट्टर_कार्डवाला

स्पेनचा मुद्दा मान्य. थोडी रोख ठेवावी. मुख्य साधन म्हणून नाही, एवढंच माझं म्हणणं.

शांघायकर_एकेकाळी

चर्चा छान रंगलीय, पण नभाताईंना किती रोख आणि कसली ते अजून कुणी सांगितलं नाही.

किती यापेक्षा कसली हे महत्त्वाचं. एटीएममधून बहुधा शंभराच्याच नोटा येतात, माओचं चित्र असलेल्या लाल. बारा युआनच्या नूडल्सना शंभराची नोट दिली की दुकानदार खण उघडून दाखवतो, आत काही नाही. तो रोख नाकारत नाही, त्याच्याकडे सुटे नाहीत. म्हणून विमानतळावर उतरल्यावर बँकेच्या काउंटरवर सुट्यांचं पाकीट मागा. परदेशी पाहुण्यांसाठी तिथल्या बँका छोट्या नोटांची पाकिटं बांधून ठेवतात. तिथे नाही मिळालं तर शहरातल्या बँकेच्या शाखेत शंभराच्या नोटा मोडून घ्या. पासपोर्ट जवळ ठेवा. वीस, दहा, पाच आणि एक, या चार नोटा भरपूर हव्यात. पन्नासच्या चार-दोन.

शहरी बसमध्ये चालकाशेजारी पेटी असते. एक किंवा दोन युआन टाकायचे. मोड परत मिळत नाही. आई-बाबांना बस आवडत असेल तर हे त्यांचं त्यांना जमेल. मेट्रोत स्थानकातल्या काउंटरवर रोख देऊन प्रवासाचं कार्ड घ्या, दोघांना दोन. पैसे भरून ठेवले की आईसुद्धा एकटी फाटकातून आत-बाहेर करू शकते. फोनची गरजच नाही.

भटकी_मैना

+१. मेट्रोचं कार्ड हा उत्तम उपाय. माझ्या वडिलांनी ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं होतं आणि फाटकाला टेकवताना चेहरा असा काही खुलायचा! आम्ही फोन काढून, ॲप उघडून, शहर निवडून, कोड दाखवेपर्यंत ते जिन्यावर पोचलेले असायचे.

एक सांगायचं राहिलं. बऱ्याच खानावळींत मेनूच नसतो, टेबलावर कोड चिकटवलेला असतो. तो टिपायचा, फोनवरच पदार्थ निवडायचे, तिथेच पैसे. कधी ते पान वीचॅटमध्येच उघडतं, कधी चिनी मोबाइल नंबर मागतं. तिथे झगडत बसू नका. आत जाऊन हाताने खुणा करा, कागदी मेनू असला तर काढून देतात, नसला तर शेजारच्या टेबलावरच्या पदार्थाकडे बोट दाखवून मागवा. शेजारचे लोक हसून स्वतःच सांगायला लागतात काय चांगलं आहे.

हिशेबनीस

तिकिटांचंही लक्षात घ्या. बीजिंगच्या जुन्या राजवाड्याची (फॉरबिडन सिटी) तिकिटं पासपोर्ट क्रमांक टाकून आधी नोंदवावी लागतात, सात दिवस आधी खुली होतात आणि लवकर संपतात. सोमवारी बंद. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, इतर महिने ४०. इथे खिशात रोख असो की ॲप, आधी नोंद नसेल तर आत जाणं अवघड. वेगवान रेल्वेचंही तसंच, पासपोर्ट हेच तिकीट. तेव्हा तिघांचेही मूळ पासपोर्ट रोज जवळ हवेत, हॉटेलच्या तिजोरीत नकोत.

नभा_मुक्काम

मंडळी, मनापासून आभार. रात्री जेवताना सगळा धागा आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबा रोखीच्या कायद्यावर खूश आहेत आणि जुना_पाटा यांना भेटायचं म्हणतात. आईला बटणांच्या फोनवरून आंबे घेणाऱ्या सासूबाई फार आवडल्या.

ठरलं ते असं : माझ्या फोनवर अलीपे, दोन बँकांची दोन कार्डं, घरीच जोडून, ओळख पटवून. बाबा त्यांच्या फोनवर ॲप उतरवायला तयार झालेत, पण स्वतःचं कार्ड जोडणार नाहीत. दोघांना मेट्रोची कार्डं आणि सुट्या नोटांची दोन वेगळी पाकिटं.

एकच शंका उरली. बाबांच्या ॲपला माझं कार्ड जोडलं तर चालेल का? म्हणजे पाण्याच्या त्या यंत्रापाशी तरी ते अडणार नाहीत.

अक्षता_आहे

दुसऱ्याच्या नावाच्या कार्डावर भिस्त ठेवू नका. ओळख बाबांच्या पासपोर्टची आणि कार्ड तुमच्या नावाचं असा मेळ बसला नाही तर ऐन वेळी अडेल. बाबांच्या नावाचं, मर्यादा कमी ठेवलेलं एक वेगळं प्रीपेड प्रवासी कार्ड काढा, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं. त्यात थोडेच पैसे भरा. बचत खात्याशी काही संबंध नाही म्हटल्यावर बाबांची भीतीही कमी होईल. माझ्या मावशीला पुढच्या वेळी आम्ही असंच कार्ड काढून दिलं. जोडल्यावर घरातून निघायच्या आधी ॲप उघडणं, कोड दाखवणं, एवढ्याचा दोन-चारदा सराव करून घ्या. खरं पहिलं पैसे देणं विमानतळावरच्या दुकानात करा, तिथे घाई नसते आणि अडलं तर मदतीला इंग्रजी बोलणारं कुणी भेटतं.

जुना_पाटा

आणि ते पहिले पैसे बाबांनाच देऊ द्या, तुम्ही फोन हातात घेऊ नका.

नभा_मुक्काम

घेणार नाही. प्रीपेड कार्डासाठी उद्याच बँकेत जाते. बाबा सोबत येणार आहेत, अर्ज स्वतः भरायचाय म्हणे.

टिवल्याबावल्या

बाबांनी भोंग्यातून 'जमा' ऐकलं की इथे कळवा. आम्ही वाट बघतोय!

शांघायकर_एकेकाळी

शीआनला पोचलात की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्या गल्लीत कुठल्या टोकाने शिरायचं आणि कुठे काय खायचं ते सविस्तर पाठवतो.